हातची किंमत

२०१२ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होतं. आदल्या दिवशी केंद्र सरकारने मोबाइल स्पेक्ट्रमचा लिलाव सुरू केला, लक्ष्मीपूजनाची सुट्टी घेतली आणि पाडव्याला लिलाव संपलासुद्धा. सरकारची अपेक्षा सुमारे २८ हजार कोटी रुपयांची होती, हाती आले ९,४०७ कोटी. दिल्ली, मुंबई, कर्नाटक आणि राजस्थान या चार परिमंडळांसाठी तर एकाही कंपनीने बोली लावली नाही. सगळ्यात जास्त बोलणारी, सगळ्यात जास्त बिल भरणारी मुंबई लिलावात मांडली होती आणि गिऱ्हाईकच नव्हतं.

ज्यांनी तहसील कचेरीत वाळूघाटाचा लिलाव पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. लिलावापूर्वी सरकार एक आकडा ठरवतं, महसूल खात्याच्या कागदांत त्याला ‘हातची किंमत’ म्हणतात. त्याखाली बोली घेतली जात नाही. ती फार कमी ठेवली तर चार ठेकेदार आपसात ठरवून नदी स्वस्तात नेतात. फार वर नेली तर कोणीच येत नाही, फेरलिलावाची नोटीस निघते आणि तोवर रात्रीच्या ट्रॅक्टरांनी पात्र मोकळं केलेलं असतं. स्पेक्ट्रम कोणी रात्री ट्रॅक्टरमधून नेत नाही, पण पडून राहिला तर त्या वर्षाचा त्याचा उपयोग कायमचा गेला. वाळू निदान पुढच्या पुरात परत येते.

त्या दिवाळीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, अध्यक्षपदी राहुल खुल्लर होते. खुर्चीत बसून त्यांना सहा महिने झाले होते. ते अभियंता नव्हते, न्यायाधीश नव्हते, कुठल्या टेलिफोन कंपनीतून आलेले नव्हते. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. असा माणूस दळणवळणाच्या धंद्याचा पंच होतो तेव्हा काय घडतं आणि काय घडू शकत नाही, हे समजून घ्यायला त्यांची तीन वर्षं चांगली आहेत.

खुल्लर १९७५ च्या तुकडीचे आयएएस. बॉस्टन विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात पीएचडी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मनमोहन सिंग अर्थमंत्री होते, तेव्हा ते त्यांचे खासगी सचिव होते. परवाना राज्याचं गाठोडं सोडलं जात होतं, त्या दिवसांत त्या दालनाबाहेरच्या टेबलावर बसणं म्हणजे चालतीबोलती शाळाच. पुढे आशियाई विकास बँकेत काम झालं, मग पुन्हा दिल्ली आणि २००९ पासून वाणिज्य सचिवपद.

वाणिज्य सचिव असतानाचा एक प्रसंग मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो. २०११ मध्ये भारताची निर्यात जोरात वाढताना दिसत होती, सरकार खुशीत होतं. त्या डिसेंबरमध्ये खुल्लर यांनी पत्रकारांसमोर सांगून टाकलं की आकड्यांत चूक झाली आहे, निर्यात सुमारे ९ अब्ज डॉलरने फुगवून धरली गेली. नोंदणीतल्या आणि संगणकातल्या गफलतीमुळे हे झालं होतं. एवढी मोठी चूक आपल्याच खात्याची म्हणून पुढे येऊन सांगणारे सचिव आपल्याकडे फारसे नाहीत. त्याच खात्याची दुसरी आठवण विदर्भातल्या शेतकऱ्यांना असेल. मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी आली, कृषिमंत्री शरद पवार उघडपणे विरोधात गेले आणि आठवडाभरात सरकारला माघार घ्यावी लागली. भावाच्या गणितात दिल्लीतून एक आदेश सुटला की यवतमाळच्या बाजारात काय होतं, याचा धडा ताजा असतानाच, मे २०१२ मध्ये, खुल्लर ट्रायमध्ये गेले.

ट्रायचा कायदा १९९७ चा. पहिले अध्यक्ष एस. एस. सोधी हे न्यायमूर्ती होते. २००० साली कायदा बदलला, भांडणं सोडवण्याचं काम काढून वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलं आणि अध्यक्षपदी स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष एम. एस. वर्मा आले. त्यानंतर मुख्यतः निवृत्त सचिवांची रांग लागली. गंमत अशी की अध्यक्ष-सदस्यांना कोणत्या विषयाचं विशेष ज्ञान हवं याची यादी कायद्यात आहे. दूरसंचार, उद्योग, वित्त, लेखाशास्त्र, कायदा, व्यवस्थापन, ग्राहकांचे प्रश्न असं सगळं तीत आहे. अर्थशास्त्र हा शब्द मात्र नाही. आणि ट्रायचं रोजचं काम काय, तर किमती ठरवणं किंवा त्या कशा ठराव्यात हे सांगणं.

या कामाच्या दोन बाजू आहेत आणि त्यांतला फरक लक्षात घेतला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. ग्राहकाला लागणारे दर, कंपन्यांनी एकमेकींना द्यायचे आकार, सेवेचा दर्जा, यांवर ट्राय स्वतः आदेश काढू शकते. परवाने आणि स्पेक्ट्रम यांवर मात्र ती फक्त शिफारस करते, निर्णय सरकारचा. म्हणजे एकाच माणसाच्या एका हातात छडी आहे आणि दुसऱ्या हातात अर्ज.

आधी अर्जाची बाजू पाहू, कारण पैसा तिथे होता.

आपली वर्तमानपत्रं स्पेक्ट्रमला बराच काळ ‘ध्वनिलहरी’ म्हणत आली. शब्द छान आहे, पण चुकीचा. या लहरींचा ध्वनीशी संबंध नाही, त्या प्रकाशाच्याच जातीच्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत. त्यांच्या वारंवारितेचे पट्टे पाडून ते कंपन्यांना वाटले जातात. ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरते. १८०० ची त्यामानाने लवकर दमते, तिला जास्त टॉवर लागतात. मुंबईसारख्या सिमेंटच्या जंगलात ९०० चा पट्टा ज्याच्या हाती, त्याचा फोन लिफ्टजवळही लागतो. एका पट्ट्यावर एका जागी दोघे बोलू लागले तर दोघांचंही ऐकू येत नाही, म्हणून वाटप करावंच लागतं. आता प्रश्न उरतो तो वाटायचं कसं.

या प्रश्नाचं उत्तर एका अर्थशास्त्रज्ञाने १९५९ सालीच देऊन ठेवलं होतं. रोनाल्ड कोस हे इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेले प्राध्यापक. बीबीसीच्या मक्तेदारीवर त्यांनी आधी पुस्तक लिहिलं होतं. अमेरिकेत रेडिओ-टीव्हीचे पट्टे सरकारी आयोग फुकट देत असे, अर्जदारांपैकी लोकहिताचा कोण हे ठरवून. कोस म्हणाले की जमीन मर्यादित आहे म्हणून आपण ती आयोगाकडून वाटून घेत नाही, विकतो. लहरींचंही तसंच करा. ही कल्पना मुळात शिकागोच्या कायदा शाखेतल्या लिओ हर्झेल नावाच्या विद्यार्थ्याने १९५१ मध्ये मांडली होती आणि एका प्राध्यापकाने ती झटकून टाकली होती. कोस आयोगासमोर साक्षीला गेले, तेव्हा एका आयुक्तांचा पहिलाच प्रश्न होता की ही सगळी थट्टा तर नाही ना. पुढे रँड या संशोधन संस्थेसाठी त्यांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर याच विषयावर अहवाल लिहिला, तो संस्थेने दडपला. एका परीक्षकाचा अभिप्राय असा होता की लहरी विकण्याची गोष्ट लॅटिन अमेरिकेतल्या काही भ्रष्ट हुकूमशाह्या सोडल्या तर जगात कुठे गंभीरपणे बोलताही येणार नाही.

मग पस्तीस वर्षं गेली. मधल्या काळात अमेरिकेने मोबाइलचे परवाने चक्क सोडत काढून वाटले. लाखो अर्ज आले, ज्यांचा टेलिफोनशी संबंध नाही असेही रांगेत उभे राहिले. एका गटाने केप कॉड भागाचा परवाना सोडतीत जिंकला आणि ४ कोटी १० लाख डॉलरना विकून टाकला. १९९४ च्या जुलैमध्ये पहिला खरा लिलाव झाला आणि पेजरसारख्या सेवेच्या दहा देशव्यापी परवान्यांना ६१ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. त्याची पद्धत रचणाऱ्यांतले पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं नोबेल मिळालं. कोस यांना ते १९९१ मध्येच मिळालं होतं, म्हणजे त्यांचं नाव गाजलं तेव्हाही त्यांची सूचना अमेरिकेत अंमलात यायची होती.

लिलावाची ही पद्धत लासलगावच्या कांद्याच्या लिलावाहून एका बाबतीत वेगळी आहे. लासलगावात एक ट्रॉली संपली की दुसरी. इथे सगळ्या ट्रॉल्यांची बोली एकाच वेळी चालते. फेरीमागून फेरी होते, प्रत्येक फेरीनंतर कुठे किती मागणी आहे ते कळतं आणि मुंबई महाग झाली तर कंपनी आंध्रकडे वळू शकते. नुसतं बघत बसता येत नाही, ठरावीक प्रमाणात बोली लावत राहावं लागतं, नाहीतर पुढच्या फेरीतला हक्क कमी होतो. कोणत्याच परिमंडळावर नवी बोली आली नाही की लिलाव संपला. २०१० मध्ये आपल्याकडे थ्री-जीचा लिलाव असाच झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या, ६७,७१९ कोटी रुपये.

त्याआधीचं, २००८ मधलं परवान्यांचं वाटप मात्र रांगेचं होतं. १० जानेवारीला दुपारी संचार भवनात निरोप गेला की इरादापत्रं न्यायला या. कंपन्यांची माणसं धावली, आधीच काढून ठेवलेले डिमांड ड्राफ्ट बाहेर आले. देशभराच्या परवान्याची किंमत १,६५८ कोटी, म्हणजे २००१ चाच भाव. कोणी किती द्यायला तयार आहे, हे विचारलंच गेलं नाही, आधी कोण आलं तेवढं पाहिलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाटपातले १२२ परवाने रद्द केले आणि लिलाव करा म्हणून सांगितलं. याच वाटपावरच्या फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्व आरोपींना निर्दोष सोडलं, ती वेगळी कथा.

दुधाने तोंड पोळलं होतं. त्यामुळे २०१२ च्या एप्रिलमध्ये, खुल्लर येण्यापूर्वी, ट्रायने पाच मेगाहर्ट्झसाठी देशभराची हातची किंमत १८,११० कोटी सुचवली. आधार कोणता, तर २०१० च्या थ्री-जी लिलावात निघालेला १६,७५० कोटींचा भाव. सरकारने त्यात थोडं कमी करून १४,००० कोटी ठरवले. आणि दिवाळीत जे झालं ते झालं.

चूक कुठे होती? २०१० चा भाव तेजीतला होता. पट्टे थोडे, गिऱ्हाइकं जास्त, आणि थ्री-जीवाचून आपण बुडणार ही भीती. अशा लिलावात जो जिंकतो तो बहुधा सगळ्यांत जास्त चुकीचा अंदाज करणारा असतो, अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. दोन वर्षांत त्याच कंपन्या कर्जाखाली वाकल्या होत्या, परवाने रद्द झाल्याने परदेशी भागीदार बिचकले होते. लग्नसराईतला झेंडूचा भाव धरून आषाढातली हातची किंमत ठरवावी, तसं हे झालं. मार्च २०१३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, चार परिमंडळांतली किंमत ३० टक्के उतरवली, तरी १८०० च्या पट्ट्यासाठी कोणी आलं नाही. आठशेच्या पट्ट्यात एकटी सिस्टेमा ही कंपनी आली, ३,६३९ कोटी देऊन गेली.

खुल्लर यांचं खरं काम इथून सुरू होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांच्या ट्रायने १८०० च्या पट्ट्यासाठी देशभरात दर मेगाहर्ट्झला १,४९६ कोटींची शिफारस केली, आधीच्या पातळीपेक्षा सुमारे ३७ टक्के कमी. आकडा कसा काढला हे जास्त महत्त्वाचं. एका जुन्या लिलावाला लटकण्याऐवजी त्यांनी किंमत काढण्याच्या अनेक वाटा घेतल्या. जास्त स्पेक्ट्रम मिळाला तर किती टॉवर वाचतात, त्या परिमंडळातून पुढच्या वीस वर्षांत किती उत्पन्न येऊ शकतं, शेजारच्या परिमंडळांशी तुलना केली तर काय दिसतं, अशा निरनिराळ्या हिशेबांची सरासरी काढली आणि हातची किंमत त्या सरासरीच्या ८० टक्क्यांवर ठेवा असं सांगितलं. उरलेले वीस टक्के आणि त्यावरचं जे असेल ते बोलीतून येऊ द्या. यातला विनय पाहण्यासारखा आहे. अर्थशास्त्राचा डॉक्टर सरकारला सांगत होता की खरी किंमत मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, ती शोधायलाच तर लिलाव आहे.

टीका झाली. आधी पाण्याच्या भावाने दिलं म्हणून ओरड, आता पुन्हा स्वस्त करतायत म्हणून ओरड. सरकारनेही आकडा जरा वर नेलाच, १८०० साठी १,७६५ कोटी. मुंबईच्या ९०० च्या पट्ट्यासाठी ट्रायने दर मेगाहर्ट्झला २६२ कोटी सुचवले होते, सरकारने ३२८ केले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये लिलाव झाला. दहा दिवस, ६८ फेऱ्या, ६१,१६२ कोटी. मुंबईत ९०० चा पट्टा ३२८ वरून चढत चढत ५६३ कोटींवर थांबला. दीड वर्षापूर्वी जिला बोलीच नव्हती ती हीच मुंबई. पट्टा अर्थातच वेगळा होता, आणि एक कारण असंही होतं की १९९५ मध्ये मुंबईत मोबाइल सुरू करणाऱ्या दोन कंपन्यांच्या परवान्यांची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्ये संपत होती. त्यांतली एक तोवर व्होडाफोन झाली होती. तिला हा पट्टा परत मिळवणं म्हणजे राहतं घर वाचवणं होतं. तिने ११ मेगाहर्ट्झ घेतले, एअरटेलने पाच. दुसरी, म्हणजे बीपीएलची लूप झालेली कंपनी, त्या नोव्हेंबरात बंद पडली. मुंबईकरांच्या पहिल्या मोबाइल नंबरांपैकी कितीतरी नंबर त्यांनी मग दुसऱ्या कंपन्यांकडे नेले.

पुढचा लिलाव मार्च २०१५ चा. त्यात १९ दिवस, ११५ फेऱ्या आणि १,०९,८७५ कोटी रुपये आले. सरकारी पक्षाने पेढे वाटावेत असा आकडा. पण खुल्लर यांची ट्राय त्याआधीच बजावत होती की या लिलावात माल कमी ठेवलात तर भाव फुगेल तो खऱ्या मागणीने नव्हे, टंचाईने. संरक्षण खात्याकडचा २१०० चा पट्टा अदलाबदलीने सोडवून घ्या आणि एकदम भरपूर विक्रीला काढा, अशी शिफारस होती. सरकारने २१०० चे फक्त पाच मेगाहर्ट्झ काढले. ट्रायने दर मेगाहर्ट्झला २,७२० कोटी सुचवले होते, ठरले ३,७०५. इथे मला खुल्लर यांच्या बाजूने बोलावंसं वाटतं. किंमत पाडा म्हणणारा आणि किंमत अशी चढवू नका म्हणणारा एकच माणूस होता, आणि दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच होतं. खजिन्याला एका वर्षी मिळालेला पैसा कंपनीच्या कर्जात दिसतो, कर्ज टॉवरच्या संख्येत दिसतं आणि टॉवर न उभारल्याचं दुःख पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर फोनची काडी शोधत टेकडी चढणाऱ्याला कळतं.

आता छडीची बाजू.

मिस्ड कॉल ही आपण जगाला दिलेली कला आहे असं माझं मत आहे. ‘पोहोचलो की एक मिस कॉल दे’ हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं नाही ते घर विरळा. पैसे फोन करणाऱ्यानेच भरायचे, या रचनेतून ती कला आली, आणि त्या रचनेच्या पोटात एक छोटा आकडा असे. तुम्ही एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या ग्राहकाला फोन केला की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे देई, कारण फोन पोहोचवण्याचा शेवटचा टप्पा दुसरीच्या तारांवर आणि टॉवरवर झालेला असे. २००९ पासून हा आकार २० पैसे होता. ग्राहकाला तो दिसत नसे, पण कॉल याहून स्वस्त करायला कंपनी धजावत नसे. हातची किंमत इथेही होतीच, फक्त लपलेली. मोठ्या कंपन्यांकडे येणारे फोन जास्त, म्हणून त्यांना तो हवा असे. नव्या कंपनीला तो जाचे. खुल्लर यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, मार्च २०१५ पासून, तो १४ पैशांवर आला आणि घरच्या तारेच्या फोनवरून केलेल्या किंवा त्यावर आलेल्या कॉलसाठी शून्य झाला. मरायला टेकलेल्या लँडलाइनला निदान ब्रॉडबँडसाठी तरी जगवावं हा हेतू होता. पुढे २०१७ मध्ये तो ६ पैसे झाला आणि २०२१ च्या पहिल्या दिवशी मिटला.

रोमिंगचंही तसंच. कागल सोडून निपाणीकडे निघालं की फोन किणकिणतो, कर्नाटकात स्वागत आहे. २०१३ पूर्वी त्या स्वागतानंतर आलेला प्रत्येक फोन उचलायला मिनिटाला १ रुपया ७५ पैशांपर्यंत पडत. बेळगावात मामाकडे गेलेला कोल्हापूरकर फोन वाजला की आधी नंबर पाही, मग उचलायचा की नाही ते ठरवी. जुलै २०१३ पासून ही कमाल मर्यादा ७५ पैशांवर आली आणि मे २०१५ पासून ४५ वर. दर पूर्ण फुकट करा अशी राजकीय मागणी जोरात होती. ट्रायने ती मानली नाही. फुकट केलं तर न फिरणाऱ्या ग्राहकाच्या बिलातून फिरणाऱ्याचा खर्च निघेल, असा तो युक्तिवाद. घरातच बसून असणाऱ्या आजीने नातवाच्या प्रवासाचं बिल का भरावं, असं म्हणा हवं तर.

टीव्हीही ट्रायच्याच कक्षेत येतो, आणि तिथे खुल्लर यांचे हात कमी चालले. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, हा नियम खुल्लर आले त्याच महिन्यात निघाला. वृत्तवाहिन्या न्यायालयात गेल्या आणि कारवाईला अटकाव मिळवून बसल्या. मालिका पाहणाऱ्यांना निकाल काय लागला हे सांगायची गरज नाही.

ऑगस्ट २०१४ च्या माध्यम-मालकीवरच्या शिफारशी मात्र आजही उघडून वाचाव्यात अशा आहेत. एकाच घराण्याकडे वाहिनी आणि वर्तमानपत्र दोन्ही असलं तर वाचकाला किती मतं ऐकायला मिळतात, हा प्रश्न तिथे अर्थशास्त्राच्या मोजपट्टीने मोजला आहे. मोजपट्टी सोपी आहे. बाजारातल्या प्रत्येकाचा टक्का घ्या, वर्ग करा, बेरीज करा. पाच वर्तमानपत्रांकडे प्रत्येकी २० टक्के वाचक असतील तर बेरीज २,०००. त्याच पाचांत एकाकडे ६० आणि चौघांकडे दहा-दहा असतील तर बेरीज ४,०००. पानटपरीवर पाचच्या पाच नावं टांगलेली दिसतात, पण आकडा दुप्पट झाला, म्हणजे आवाज एकाचाच आहे. बाजार कोणता धरायचा याचं उत्तरही त्यांनी दिलं. भाषा आणि ती ज्या राज्यात बहुसंख्य बोलतात ते राज्य. म्हणजे मराठी आणि महाराष्ट्र हा एक बाजार. देशात शेकडो वाहिन्या आहेत हे ऐकून सांगलीच्या वाचकाचं काही भलं होत नाही, त्याला मराठीत किती स्वतंत्र आवाज मिळतात ते महत्त्वाचं. राजकीय पक्ष, सरकारं आणि धार्मिक संस्था यांना वाहिन्यांच्या धंद्यापासून दूर ठेवा, असंही त्यांनी लिहिलं. यातून कायदा झाला नाही. दुसऱ्या हातात अर्ज आहे म्हटलं, तो असा.

कारकीर्द संपायला सात आठवडे उरले असताना त्यांच्या हातून जे निघालं, त्यानेच त्यांचं नाव सर्वसामान्य माणसाला कळलं, आणि चांगल्या अर्थाने नव्हे. २७ मार्च २०१५ ला ट्रायने व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवांवर ११८ पानांचं सल्लामसलत पत्र काढलं, २० प्रश्न विचारून. कंपन्यांचं गाऱ्हाणं असं की आम्ही हजारो कोटी मोजून लहरी घेतल्या आणि आमच्याच रस्त्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या विनापथकर धावतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न खोटा नव्हता. पण पत्राचा सूर कंपन्यांकडे झुकलेला वाटला, भाषा सामान्य माणसाला न पेलणारी होती. त्यात एका कंपनीने काही ॲप ग्राहकाला फुकट देण्याची योजना त्याच सुमारास काढली. विनोदी कलाकारांची एक चित्रफीत घरोघर पोहोचली आणि दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायच्या दारात येऊन पडले. ट्रायने ते सगळे पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले. पारदर्शकतेच्या नियमाला धरून असेल, पण शहाणपणाला धरून नव्हतं. किमतीचं गणित अचूक मांडणाऱ्या संस्थेला माणसांच्या खासगीपणाची किंमत तेव्हा कळली नाही, असं मला आजही वाटतं. मे महिन्यात खुल्लर यांची मुदत संपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्यानंतरच्या अध्यक्षांच्या ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळा डेटादर लावण्यावर बंदी घातली, ती त्या ईमेलच्या रेट्यातून.

खुल्लर ट्रायमधून गेले तरी हातच्या किमतीचा खेळ चालू राहिला. २०१६ मध्ये सरकारने पहिल्यांदा ७०० चा पट्टा काढला, ९०० हूनही लांब जाणारा. देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर उतरवली, तरी कोणी आलं नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केली. तेव्हा एका कंपनीने बावीसही परिमंडळांत दहा-दहा मेगाहर्ट्झ उचलले आणि ३९,२७० कोटी भरले. हातच्या किमतीवर एक रुपयाही चढला नाही, कारण समोर दुसरा बोली लावणाराच नव्हता.